‘आर्बिट्ररी’ ह्या शब्दाचा अर्थ व उपयोग

इंग्रजी भाषेंत कांहीं शब्द असे आहेत कीं, कोश उघडून त्यांचा अर्थ वाचला म्हणजे तो आपणांस समजला असें वाटतें. परंतु तेच शब्द वापरावयास गेलों म्हणजे पाऊल घसरतें. ‘आर्बिट्ररी’ हा शब्द त्यांपैकींच एक होय. भूमितीच्या पुस्तकांत तो भेटतो, इंग्लंडच्या इतिहासांत भेटतो, आणि वर्तमानपत्रांत न्यायालयाचे निकाल छापून येतात त्यांत तर तो वरचेवर भेटतो. ह्या तीनहि ठिकाणीं त्याचा अर्थ एकच आहे असें जो समजेल, तो केव्हां ना केव्हां फसल्यावांचून राहणार नाहीं. आम्ही स्वतः ह्या शब्दापायीं एकदां कसे अडचणींत आलों, तें सांगूनच ह्या लेखास आरंभ करतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका शाळेंत इंग्रजी शिकवीत होतों. सहामाही परीक्षेचा निकाल लागला होता. इंग्रजींत शंभरांपैकीं ३४ गुण मिळालेला एक विद्यार्थी आमच्याकडे आला व म्हणाला, “पस्तीस गुणांचा मुलगा पास आणि चौतिसांचा नापास, असें कां? एका गुणानें विद्या ती किती कमी होते?” प्रश्न रास्त होता. आम्हीं त्यास उत्तर दिलें, “हा आंकडा आर्बिट्ररी आहे. कोठें तरी रेघ ओढावीच लागते.” मुलगा जिज्ञासु. त्यानें घरीं जाऊन कोश उघडला, आणि तेथें त्यास ‘मनमानी’ हा अर्थ सांपडला. दुसऱ्या दिवशीं शाळा भरण्यापूर्वींच त्याचे वडील येऊन उभे राहिले. हे गृहस्थ धंद्यानें सुतार. ते शांतपणें म्हणाले, “मास्तर, पोरगा नापास झाला, त्याचा अभ्यास कमी पडला असेल. पण ह्यांत मनमानी आहे असें तुम्हींच त्याला सांगितलेंत म्हणे. म्हणून विचारायला आलों.”

त्यांच्याशीं पुढें काय बोलणें झालें, तें लेखाच्या शेवटीं सांगूं. कारण तें नीट समजण्यास ह्या शब्दाची हकीकत आधीं ठाऊक असणें जरूर आहे.

‘आर्बिट्ररी’ ह्या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंतील ‘आर्बिटर’ ह्या शब्दांत आहे. आर्बिटर म्हणजे साक्षी, घडलेली गोष्ट समक्ष पाहणारा; आणि त्यावरून, दोघांच्या तंट्यांत निवाडा करणारा पंच. रोमन लोकांत न्यायाधीशाचा निर्णय आणि पंचाचा निर्णय ह्यांत भेद मानीत असत. सिसेरो नामक विख्यात वक्त्यानें रोसिअस नांवाच्या नटाच्या बाजूनें केलेल्या भाषणांत तो भेद विशद केला आहे. न्यायाधीशापुढें येणारा दावा ठराविक रकमेचा असे. ती सिद्ध झाली तर सर्व मिळे, न झाली तर कांहींच मिळत नसे. पंचापुढील दाव्यांत मात्र, न्याय्य असेल तेवढें मिळावें, इतकीच मागणी असे. किती तें ठरविणें पंचाच्या विवेकावर सोंपविलेलें असे. तेव्हां ‘पंचाच्या निर्णयावर अवलंबून असणारें’ एवढाच ह्या विशेषणाचा मूळचा अर्थ. इंग्रजींत हा शब्द आला तेव्हांहि, कायद्यानें आधीं ठरवून न दिलेलें, निर्णय करणाराच्या तारतम्यावर ठेवलेलें, असाच त्याचा अर्थ होता. त्यांत निंदा नव्हती. उलट, ज्यावर दोन्ही पक्षांचा विश्वास आहे अशा शहाण्या माणसाची छाया त्या शब्दावर होती.

मग अशा सभ्य घराण्यांतील ह्या शब्दास अपकीर्ति कशी आली? शब्दांचीं दैवें माणसांच्या वर्तनानें फिरतात. निर्णयाचें स्वातंत्र्य ज्यांच्या हातीं आलें, त्यांनीं विवेक सोडून केवळ आपली मर्जी चालविली, आणि तो डाग शब्दास लागला. इंग्लंडच्या इतिहासांतील एक प्रसंग पाहिला म्हणजे हें ध्यानांत येईल.

इंग्लंडचा राजा पहिला चार्लस ह्यास युद्धासाठीं पैसा हवा होता. पार्लमेंटाच्या संमतीवांचून त्यानें प्रजेकडून सक्तीचें कर्ज वसूल करण्यास प्रारंभ केला. ज्यांनीं तें देण्याचें नाकारलें, त्यांपैकीं पुष्कळांस तुरुंगांत टाकण्यांत आलें. त्यांतील ‘नाइट’ पदवीच्या पांच गृहस्थांनीं १६२७ सालीं न्यायालयाकडे दाद मागितली कीं, आम्हांस कोणत्या अपराधाबद्दल बंदींत ठेवलें आहे तें तरी सांगावें. तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडून उत्तर आलें तें इतकेंच कीं, राजाच्या खास हुकुमावरून! न्यायाधीशांनीं त्यांस मुक्त केलें नाहीं. वाचकांनीं येथें एक गोष्ट बारकाईनें पाहावी. राजानें वाईट कारण दिलें, असें येथें झालें नाहीं. त्यानें कारणच दिलें नाहीं. कारण वाईट असतें तर त्याचें खंडन करतां आलें असतें. जेथें कारणच नाहीं, तेथें वाद तरी कशाशीं घालावयाचा?

लोकांच्या मनांत हीच गोष्ट सलली. पुढल्याच वर्षीं, म्हणजे १६२८ सालीं, पार्लमेंटानें ‘पिटिशन ऑफ राइट’ नांवाचा हक्कांचा अर्ज राजापुढें ठेवला. कारण दाखविल्यावांचून कोणासहि कैदेंत ठेवूं नये, ही त्यांतील एक मुख्य मागणी होती. राजानें तो मान्य केला, परंतु पाळला नाहीं. १६२९ पासून अकरा वर्षें त्यानें पार्लमेंट बोलाविलेंच नाहीं. ह्या कलहाचा शेवट यादवी युद्धांत व १६४९ सालीं राजाच्या शिरच्छेदांत झाला, हें इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. ह्या शतकांत ‘आर्बिट्ररी सत्ता’ हे शब्द इंग्रजांच्या तोंडीं तक्रारीचे म्हणून बसले. तत्त्ववेत्ता जॉन लॉक ह्याचा राज्यकारभारावरील ग्रंथ १६८९ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांतहि अशाच सत्तेचा निषेध आहे. राजा असो वा सभा असो, सर्वांस आधीं जाहीर केलेल्या कायद्यानेंच राज्य चाललें पाहिजे, घटकेघटकेच्या हुकुमानें नव्हे, असें त्याचें प्रतिपादन आहे.

इंग्रजांनीं आपल्या घरीं शिकलेला हा धडा ते हिंदुस्थानांत नेहमींच पाळीत असें मात्र नाहीं. १८९७ सालीं पुण्यांत रँडसाहेबाचा खून झाल्यानंतर नातू बंधूंस सरकारनें १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनाच्या आधारें, कोणताहि खटला न चालवितां, अटकेंत ठेवलें. त्या पांच इंग्रज गृहस्थांचा आणि ह्या दोन पुणेकर सरदारांचा प्रश्न एकच होता: आमचा अपराध कोणता? स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेंत, अटक केलेल्या मनुष्यास अटकेचें कारण शक्य तितक्या लवकर सांगितलें पाहिजे, असें बाविसाव्या कलमांत लिहिलेलें आहे. त्याचें महत्त्व अशा इतिहासावरून कळतें. संयुक्त राष्ट्रांनीं १० डिसेंबर १९४८ रोजीं जो मानवी हक्कांचा जाहीरनामा मान्य केला, त्याच्या नवव्या कलमांत अटक, स्थानबद्धता व हद्दपारी ह्यांच्या संबंधांत हाच ‘आर्बिट्ररी’ शब्द योजिला आहे. आणि १९७३ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें रोयप्पा ह्यांच्या खटल्यांत, समता आणि मनमानी ह्या एकमेकींच्या वैरिणी आहेत, अशा आशयाचा सिद्धान्त मांडला. मनमानी असते तेथें समता नांदत नाहीं, हें ह्या शब्दाच्या अभ्यासाचें अर्धें सार आहे.

परंतु हें अर्धेंच सार होय. ह्या शब्दाची दुसरी बाजू निष्पाप आहे, आणि विद्यार्थी बहुधा तिच्याकडे दुर्लक्ष करतात.

भूगोलाच्या पुस्तकांतील नकाशा उघडा. त्यावर विषुववृत्त आहे आणि शून्य अंशाचें रेखावृत्तहि आहे. विषुववृत्त कोठें असावें हें मनुष्यानें ठरविलेलें नाहीं. पृथ्वी आपल्या आंसाभोंवतीं फिरते त्यावरूनच तें ठरतें. पण शून्य अंशाचें रेखावृत्त कोठूनहि मोजतां आलें असतें. आपल्या प्राचीन ज्योतिषांत तें उज्जयिनीवरून मानीत असत. १८८४ सालीं वॉशिंग्टन येथें पंचवीस राष्ट्रांचे प्रतिनिधि जमले, आणि त्यांनीं बहुमतानें ग्रीनिच येथील रेखावृत्त शून्य अंशाचें म्हणून पसंत केलें. इंग्लंडांतील त्या टेंकडींत निसर्गानें कांहीं विशेष ठेवलें आहे असें नाहीं. म्हणून ही निवड आर्बिट्ररी आहे, असें इंग्रजींत म्हणतात. येथें ‘मनमानी’ असें भाषांतर केलें तर तें विपरीत होईल. ‘सांकेतिक’ किंवा ‘केवळ ठरावानें मानलेलें’ असेंच म्हटलें पाहिजे. परंतु एकदां ठराव झाल्यावर, मी आपलें रेखावृत्त नाशकावरून मोजीन, असें एखाद्या नावाड्यानें म्हटलें तर त्याचें जहाज खडकावर आपटेल!

भाषेचीहि गोष्ट अशीच आहे. फर्दिनां द सोस्यूर नामक स्विस पंडिताच्या व्याख्यानांवरून त्याच्या मृत्यूनंतर १९१६ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यांत शब्द आणि त्याचा अर्थ ह्यांचा संबंध आर्बिट्ररी आहे, असा सिद्धान्त आहे. ज्यास आपण ‘झाड’ म्हणतों त्याच्या फांदींत किंवा पानांत ‘झाड’ हा ध्वनि कोठेंहि नाहीं. म्हणूनच इंग्रज त्यास दुसऱ्या नांवानें हांक मारतो आणि त्याचें कांहीं अडत नाहीं. परंतु ह्यावरून, कोणींहि वाटेल त्या वस्तूस वाटेल तें नांव द्यावें, असें सिद्ध होत नाहीं, हें सोस्यूरनेंच बजावून ठेवलें आहे. संकेत आर्बिट्ररी असला तरी तो सर्वांचा असतो, आणि सर्वांचा असतो म्हणूनच तो एकट्यास मोडतां येत नाहीं.

गणितांत ह्या शब्दाचा तिसरा अर्थ होतो. “एक आर्बिट्ररी त्रिकोण घ्या,” असें म्हटलें म्हणजे, वाटेल तो, कोणताहि एक त्रिकोण घ्या. येथें पुष्कळ मुलें चुकतात. तीं सुबकसा समभुज त्रिकोण काढतात आणि त्याच्या भुजा समान आहेत ह्या गोष्टीचा आधार सिद्धतेंत नकळत घेतात. तो त्रिकोण मग ‘कोणताहि’ राहत नाहीं. तो लाडका त्रिकोण होतो, आणि सिद्धता त्याच्यापुरतीच खरी ठरते. ज्या सिद्धतेनें कोणत्याहि एका त्रिकोणाचा विशेष गुण वापरला नाहीं, तीच सर्व त्रिकोणांस लागू पडते. आश्चर्य हें कीं, राजनीतींत ज्या शब्दाचा अर्थ पक्षपाताकडे झुकतो, तोच शब्द भूमितींत पक्षपात वर्ज्य करण्यासाठीं घातलेला असतो.

आतां ह्या शब्दाच्या शेजारचे शब्द पाहूं. कारण घोंटाळा बहुधा शेजाऱ्यांतच होतो. ‘रँडम’ म्हणजे यदृच्छेनें, सोडतीप्रमाणें झालेलें. सोडतींत कोणाची मर्जी चालत नाहीं, आणि चिठ्ठ्या टाकण्याचें सर्वांनीं आधीं मान्य केलेलें असतें. म्हणून प्रामाणिक सोडत ही मनमानी नव्हे. ‘कॅप्रिशस’ म्हणजे लहरी, आज एक व उद्यां दुसरें करणारा. जो आर्बिट्ररी वागतो तो लहरी असेलच असें नाहीं. एखादा मनुष्य वर्षानुवर्षें एकच हुकूम करील आणि एकदांहि कारण सांगणार नाहीं. ‘डिस्क्रीशन’ म्हणजे तारतम्य. वैद्यानें एका रोग्यास एक औषध व दुसऱ्यास दुसरें दिलें तर ती मनमानी नाहीं. कारण त्यास विचारलें तर प्रकृतीचा भेद तो सांगूं शकतो. तारतम्य आणि मनमानी बाहेरून सारखीं दिसतात. दोहोंतहि नियमाचें पुस्तक समोर नसतें. भेद इतकाच कीं, तारतम्यास ‘कां?’ असा प्रश्न विचारलेला चालतो, मनमानीस तो खपत नाहीं.

‘आर्बिट्रेशन’ हा शब्दहि ह्याच कुळांतील. त्याचा अर्थ लवाद, पंचांकडून निवाडा. तो ‘आर्बिट्ररी’चें नाम समजून, “राजाचें आर्बिट्रेशन प्रजेस असह्य झालें,” असें लिहूं नये, तेथें ‘आर्बिट्ररिनेस’ हें नाम पाहिजे. आपल्याकडे लवादासंबंधीं १९४० चा कायदा होता. त्याच्या जागीं आलेल्या १९९६ च्या कायद्यानें लवादानें आपल्या निवाड्याचीं कारणें लिहिलीं पाहिजेत असें ठरविलें आहे. उभय पक्षांनींच कारणें नकोत म्हटलें, किंवा आपसांत तडजोड करून निवाडा मागितला, तरच त्यांतून सूट मिळते. ज्या आर्बिटरपासून हा शब्द निघाला, त्याच्याच वारसावर कारण देण्याचें बंधन यावें, हें मोठें अर्थपूर्ण आहे.

अभ्यासासाठीं तीन वाक्यें देतों. “कोर्टानें ती अटक आर्बिट्ररी ठरविली,” येथें ‘मनमानी’ किंवा जुन्या मराठींतील ‘मनःपूत’ हा शब्द शोभेल. “वर्तुळावर एक आर्बिट्ररी बिंदु घ्या,” येथें ‘कोणताहि एक’. “वर्णमालेंतील इंग्रजी अक्षरांचा क्रम आर्बिट्ररी आहे,” येथें ‘सांकेतिक’. आणि शुद्धलेखनाविषयीं एक सूचना: ह्या शब्दांत ‘आर’ हें अक्षर तीन वेळां येतें. मुलें घाईनें उच्चार करतांना मधलें गाळतात, आणि मग लिहितांनाहि तें गळतें.

आतां त्या सुतार गृहस्थांकडे वळूं. त्यांस बसावयास सांगून आम्हीं वरील भेद आपल्या परीनें समजाविला. पस्तीस हा आंकडा आकाशांतून पडलेला नाहीं. तो तेहतीस किंवा चाळीसहि असूं शकता. परंतु एकदां ठरला म्हणजे तो सर्वांस सारखा, असें सांगितलें. त्यांनीं मान डोलाविली. ते म्हणाले, “तें कळलें, मास्तर. फूट केवढा असावा हें आम्हीं कुठें ठरविलें? पण एकदां फूटपट्टी हातांत घेतली कीं साऱ्या गिऱ्हाइकांना तीच. एकाच्या दाराला एक पट्टी आणि दुसऱ्याच्या दाराला दुसरी लावली तर ती लबाडी.” मग थोडें थांबून ते म्हणाले, “आमच्या शेजारच्या पोरालाहि चौतीसच मिळाले होते ना? त्याचे पस्तीस कसे झाले?”

आम्ही निरुत्तर झालों. ती गोष्ट खरी होती. त्या दुसऱ्या मुलाची उत्तरपत्रिका सकाळीं प्रसन्न चित्तानें तपासतांना, एका गुणासाठीं काय अडवावयाचें, असें म्हणून आम्हीं त्यास एक गुण वाढवून दिला होता. ह्या मुलाची पत्रिका रात्रीं थकून तपासली, तेव्हां तो विचार मनांत आलाच नाहीं. कारण विचारलें तर सांगण्यासारखें कारण आमच्यापाशीं नव्हतें. पस्तिसाचा आंकडा निष्पाप अर्थानें आर्बिट्ररी होता; आमची कृति मात्र चार्लस राजाच्या अर्थानें आर्बिट्ररी होती. मुलानें कोशांत पाहिलेला अर्थ चुकीच्या ठिकाणीं लागला होता खरा, परंतु दुसऱ्या ठिकाणीं तो अगदीं बरोबर बसला!

आम्हीं मुख्याध्यापकांस सर्व हकीकत सांगितली. त्यांच्या अनुमतीनें, काठावरच्या सर्व उत्तरपत्रिका नांवें झांकून दुसऱ्या शिक्षकांकडे देण्यांत आल्या. त्यांच्या तपासणींत दोन्ही मुलांस ३४ च गुण पडले. सुताराचा मुलगा नापासच राहिला, आणि शेजारच्या मुलाचा वाढविलेला गुण आम्हांस परत घ्यावा लागला. त्याच्या घरीं जाऊन तें सांगणें हें आमच्या नोकरींतील एक अवघड काम होतें. सुतार गृहस्थांस निकाल कळविला तेव्हां ते एवढेंच म्हणाले, “आतां आमची तक्रार नाहीं.” मुलाच्या गुणांत कांहींच फरक पडला नव्हता, तरीहि त्यांचें समाधान झालें होतें.

ह्यावरून आम्हीं दोन प्रश्न पाठ करून ठेवले आहेत, ते विद्यार्थ्यांनींहि ठेवावेत. निर्णय आर्बिट्ररी आहे किंवा नाहीं हें पाहावयाचें असेल तर प्रथम विचारावें: ह्याचें कारण काय? आणि नंतर: हेंच कारण दुसऱ्यासहि लावाल काय? संघांत कोणास घ्यावें, वर्गनायकानें कोणाचें नांव फळ्यावर लिहावें, अशा लहान गोष्टींतहि हे दोन प्रश्न उपयोगी पडतील.

पालकांस आमची एक नम्र विनंती आहे. मूल “कां?” म्हणून विचारतें, आणि आपण पुष्कळदां “मी सांगतों म्हणून” असें उत्तर देतों. कधीं वेळ नसतो, कधीं मूल लहान असतें. तेव्हां आज्ञा आधीं पाळावी व कारण मागाहून कळावें, ह्यांतहि कांहीं वावगें नाहीं. परंतु तें कारण मागाहून तरी सांगितलें पाहिजे. न सांगितलें तर “राजाच्या खास हुकुमावरून” ह्या उत्तरांत आणि आपल्या उत्तरांत फारसें अंतर राहत नाहीं. ज्या घरांत कारण सांगण्याची चाल आहे, त्या घरांतील मुलास ‘आर्बिट्ररी’ ह्या शब्दाचा अर्थ शिकविण्यास शिक्षकास फार श्रम पडत नाहींत.